जाड मॉनिटर, पातळ मॉनिटर आणि धावणारे चित्र

वेगवान खेळांसाठी मॉनिटर घ्यायचा ठरला की आमच्याकडची मुले आधी खोक्यावर छापलेले मिलिसेकंद, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, वाचतात आणि मग किंमत विचारतात. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात मी संगणकाचे छोटे वर्ग चालवतो, त्यामुळे ‘सर, कोणता घेऊ?’ हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी मला तेच सांगावे लागते की खोक्यावरचा आकडा खरा मानला तरी त्यातून फारसे काही कळत नाही. धावते चित्र डोळ्यांना किती स्पष्ट दिसेल, हे पिक्सेल आपला रंग किती लवकर बदलतो यावर थोडेसे, आणि प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ उजळलेले राहते यावर बरेचसे ठरते. माझ्या टेबलावर उंची दर्जाचा एक जुना सीआरटी (काचेच्या नळीचा, जाड) मॉनिटर आणि बऱ्यापैकी चांगला असा एक एलसीडी (द्रव स्फटिकांचा, पातळ) मॉनिटर शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. पुढचे सगळे विवेचन या दोघांवर तेच खेळ आलटून पालटून खेळताना जे दिसले त्यावर आधारलेले आहे.

सीआरटी म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एमएस-सीआयटीच्या वर्गातला, फुगीर काचेचा आणि सतत लुकलुकणारा १५ इंची डबा येतो. त्या डब्यांनी या तंत्राची विनाकारण बदनामी केली. ते बहुधा ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढण्यावर, लावून ठेवलेले असत, आणि ६० हर्ट्झला सीआरटीवरची पांढरी पार्श्वभूमी लुकलुकणारच. सेटिंगमध्ये जाऊन तोच आकडा ८५ केला असता तर त्याच डब्यासमोर बसून डोळे दुखले नसते, पण ती तसदी कोणी घेत नसे. मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते मॉनिटर निराळे. २००० च्या आगेमागे छपाईपूर्व काम करणारे, नकाशे आणि यंत्रांचे आराखडे काढणारे यांच्यासाठी २१ आणि २२ इंची सीआरटी बनत असत. सोनीचा ‘जीडीएम-एफडब्ल्यू९००’ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला: २४ इंची रुंद नळी, २३०४ बाय १४४० पर्यंतचे चित्र ८० हर्ट्झला, आणि वजन सुमारे ४२ किलो. मित्सुबिशीचा ‘डायमंड प्रो २०७०एसबी’ २२ इंची होता आणि २०४८ बाय १५३६ चे चित्र तो ८६ हर्ट्झला दाखवू शकत असे. एवढे बारीक चित्र एवढ्या वेगाने दाखवणारा एलसीडी त्या काळी बाजारात नव्हता.

माझ्याकडचा मॉनिटर ट्रिनिट्रॉन नळीचा, २१ इंची, सुमारे ३० किलो वजनाचा आहे. अमरावतीच्या एका छापखान्याने आपला रचना विभाग एलसीडीवर नेला तेव्हा तो भंगाराच्या भावात निघाला आणि कापसाच्या गाठी पोहोचवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीतून गावात आला. त्याच्या शेजारचा एलसीडी २४ इंची, आयपीएस पॅनेलचा (टीएन, आयपीएस आणि व्हीए या एलसीडी पॅनेलच्या जाती), १९२० बाय १०८० चा आणि १४४ हर्ट्झचा आहे. दोन्ही एकाच संगणकाला जोडता यावेत म्हणून मी एनव्हिडियाच्या ९०० मालिकेतले जुने ग्राफिक्स कार्ड जपून ठेवले आहे. ते जपण्याचे कारण पुढे येईलच.

आधी नळीच्या आत काय घडते ते पाहू. ट्रिनिट्रॉनमध्ये मागच्या एकाच बंदुकीतून इलेक्ट्रॉनचे तीन किरण निघतात, सुमारे २५ हजार व्होल्टच्या दाबाने पुढे खेचले जातात, आणि नळीच्या मानेभोवती बसवलेली तांब्याची वेटोळी आपल्या चुंबकीय क्षेत्राने त्यांना डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवतात. किरण फॉस्फरच्या ज्या ठिपक्यावर पडतो तो क्षणभर चमकतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत त्याचा बहुतेक प्रकाश विझून जातो. स्वस्त नळ्यांत फॉस्फरच्या मागे बारीक छिद्रांचा पत्रा असतो. सोनीने १९६८ मध्ये आणलेल्या ट्रिनिट्रॉनमध्ये त्याऐवजी ताणलेल्या उभ्या पट्ट्यांची जाळी असते. त्यामुळे जास्त किरण पडद्यापर्यंत पोहोचतात, चित्र उजळ दिसते आणि काच उभ्या दिशेने सपाट ठेवता येते. पट्ट्या थरथरू नयेत म्हणून त्यांवरून आडव्या दोन अतिबारीक तारा टाकलेल्या असतात आणि पांढऱ्या पडद्यावर त्यांच्या सावल्यांच्या दोन पुसट रेघा दिसतात. नवखा माणूस त्या पाहून मॉनिटर बिघडला असे समजतो; प्रत्यक्षात ती अस्सल ट्रिनिट्रॉनची खूण आहे.

म्हणजे सीआरटीच्या पडद्याचा कोणताही भाग बहुतांश वेळ काळाच असतो. एलसीडीचे वागणे याच्या नेमके उलटे आहे. त्याच्या मागचा दिवा अखंड जळत असतो, पुढचे द्रव स्फटिक वळून तो प्रकाश कमी-अधिक सोडतात, आणि एकदा आलेली फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, पुढची फ्रेम येईपर्यंत जशीच्या तशी पडद्यावर थांबून राहते. स्थिर मजकूर वाचायला हे फार चांगले, कारण लुकलुक नाही. चित्र धावू लागले की मात्र याच गुणाचा दोष होतो. धावणाऱ्या वस्तूमागे आपला डोळा सलग सरकत असतो, आणि पडद्यावरची वस्तू मात्र एका जागी थबकून मग एकदम पुढे उडी घेते. थबकलेल्या त्या काळात डोळा पुढे गेलेला असल्यामुळे वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर फासली जाते. पिक्सेलने रंग शून्य वेळात बदलला तरी ही फासलेली कड जात नाही, आणि खोक्यावरचे ‘१ मिलिसेकंद’ याबद्दल अवाक्षर काढत नाही.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने आडवी धावणारी वस्तू ६० हर्ट्झच्या एलसीडीवर दर फ्रेमला १६ पिक्सेल पुढे जाते, म्हणून तिची कड साधारण तेवढी फासली जाते. १४४ हर्ट्झला हाच आकडा ७ पिक्सेलच्या जवळ येतो आणि २४० हर्ट्झला ४ वर. फॉस्फर एक-दोन मिलिसेकंदांत विझणाऱ्या सीआरटीवर तो एक-दोन पिक्सेल राहतो, मग तो सीआरटी ८५ हर्ट्झला चालत असला तरीही. नुसते हर्ट्झ वाढवून एलसीडीला तिथवर पोहोचायचे असेल तर ५०० हर्ट्झच्या आसपास जावे लागते. असे पॅनेल आता मिळतात, पण त्यांच्या किमती आणि त्यांना तेवढ्या फ्रेम पुरवणाऱ्या कार्डाच्या किमती पाहिल्या की सोयाबीनच्या हंगामाचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

हे पाहण्यासाठी मी आपल्याच लिपीची एक चाचणी वापरतो आणि वर्गातल्या मुलांनाही करायला लावतो. दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, उमरखेड अशी गावांची नावे लिहिलेली एक पट्टी पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावती ठेवायची आणि चालता चालता ती वाचायचा प्रयत्न करायचा. ६० हर्ट्झच्या एलसीडीवर शिरोरेखा अगदी ठळक आणि धारदार दिसते, कारण आडव्या गतीत आडवी रेघ स्वतःवरच फासली जाते. तिच्या खालचे काने आणि दंड मात्र एकमेकांत मिसळतात आणि ‘पुसद’ वाचायचे तर ते आधीपासून ठाऊक असावे लागते. १४४ हर्ट्झला अक्षरे सुटी होतात, पण कडा मऊ राहतात. सीआरटीवर पट्टी तितक्याच वेगाने धावत असताना प्रत्येक काना आपापल्या जागी उभा दिसतो, उकाराचा वळसाही ओळखू येतो. रोमन अक्षरांच्या तयार चाचण्यांपेक्षा मला ही पट्टी जास्त बोलकी वाटते, कारण शाबूत राहिलेली शिरोरेखा आणि विरघळलेले काने एकाच वेळी समोर असतात आणि दोष कोणत्या दिशेचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. खेळांत हाच फरक ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये नकाशा भराभर सरकवताना आणि ‘क्वेक ३’ मध्ये गर्रकन मागे वळताना दिसतो. वळता वळता कोपऱ्यात उभा असलेला शत्रू सीआरटीवर वळण पूर्ण होण्याआधीच ओळखू येतो, आणि एलसीडीवर वळण थांबल्यानंतर.

पिक्सेलचा रंगबदल निरर्थक आहे असे मात्र मी म्हणत नाही. २००३-०४ च्या सुमारास ज्या एलसीडींवर १६ किंवा २५ मिलिसेकंद असे आकडे छापलेले असत, त्यांवर एक फ्रेम पुरी बदलण्याआधीच दुसरी येऊन धडकत असे आणि धावणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे शेपूट दिसे. पुढे टीएन पॅनेल झपाट्याने सुधारले, आयपीएसही त्यांच्या जवळ आले, आणि व्हीए पॅनेलवर अजूनही काळ्यातून गडद करड्यात जाताना धुरकट डाग उमटतात. रंगबदल वेगवान करण्यासाठी स्फटिकाला गरजेपेक्षा जास्त दाबाचा झटका दिला जातो. त्या झटक्याची मात्रा कंपनीने प्रमाणाबाहेर ठेवली तर वस्तूमागे काळ्या शेपटीऐवजी उजळ कड उमटते, आणि तीही तितकीच त्रासदायक असते. म्हणून मेनूमध्ये ही मात्रा मधल्या पायरीवर ठेवावी. टोकाची पायरी खोक्यावरच्या आकड्यासाठीच असते असे माझे मत झाले आहे. द्रव स्फटिक थंडीत जड होतात हीही गोष्ट आमच्याकडे ध्यानात घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोलीचे तापमान बरेच उतरलेले असताना एलसीडी सुरू केला तर पहिली काही मिनिटे शेपूट नेहमीपेक्षा लांब दिसते आणि मागचा दिवा तापल्यावर ते आखडते.

एलसीडीवाल्यांनी या कोंडीतून काढलेली वाट मला सर्वांत हुशारीची वाटते. दिवा अखंड जळत राहतो हाच जर दोष असेल तर तो दर फ्रेमला एकदाच, एक-दोन मिलिसेकंद पेटवायचा आणि स्फटिक वळत असतानाचा मधला काळ अंधारात ठेवायचा. एनव्हिडियाने २०११ मध्ये त्रिमितीय चष्म्यांसाठी ‘लाइटबूस्ट’ नावाने हे तंत्र आणले, आणि चष्मा न लावता साध्या खेळांतही त्याने फासलेपणा नाहीसा होतो हे खेळाडूंनी ओळखले. आज निरनिराळ्या कंपन्या ते निरनिराळ्या नावांनी देतात. माझ्या एलसीडीवर ते १२० हर्ट्झला चालू केले की गावांच्या नावांची पट्टी जवळजवळ सीआरटीसारखी वाचता येते. पडद्याच्या तळाशी मात्र अक्षरांची एक पुसट दुहेरी छाया राहते, कारण स्फटिक वरून खाली ओळीओळीने बदलतात आणि दिवा साऱ्या पडद्यामागे एकदमच पेटतो. सीआरटीत ओळ काढणारा किरण आणि प्रकाश देणारा किरण एकच असल्याने हा प्रश्न उद्भवतच नाही. शिवाय दिवा बराच वेळ विझलेला असल्यामुळे उजेड पुष्कळ घटतो.

इथे एक अट आहे आणि ती सीआरटीलाही तितकीच लागू पडते. प्रकाश जेवढ्या वेळा चमकतो तेवढ्याच नव्या फ्रेम कार्डाने द्यायला हव्यात. सीआरटी १२० हर्ट्झला आणि खेळ ६० फ्रेमला चालत असेल तर एकच चित्र दोनदा चमकते आणि धावत्या वस्तूच्या दोन कडा दिसतात. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ सारख्या हलक्या खेळात १०० फ्रेमची मर्यादा आणि १०० हर्ट्झचा सीआरटी यांचा जोड चांगला जमत असे. आजचे जड खेळ आमच्याकडच्या मध्यम कार्डांवर कधी ५५ तर कधी ९० फ्रेम देतात, आणि तिथे सीआरटीची सारी धार निष्फळ ठरते. अशा वेळी कार्डाच्या चालीने आपला वेग बदलणारा एलसीडी, म्हणजे एनव्हिडियाची जी-सिंक किंवा एएमडीची फ्रीसिंक असलेला, सरळ सरस ठरतो. चित्र थोडे मऊ दिसेल, पण अडखळणार नाही. नव्या खेळांसाठी जुना सीआरटी शोधत फिरणाऱ्यांनी आधी आपले कार्ड किती स्थिर फ्रेम देते ते तपासावे.

सीआरटीचा दुसरा मोठा गुण म्हणजे त्याला स्वतःची ठरलेली पिक्सेलसंख्या नसते. १९२० बाय १०८० च्या एलसीडीवर १२८० बाय ७२० चे चित्र पाठवले की एक पिक्सेल दीड पिक्सेलांत वाटावा लागतो आणि सारे धूसर होते. सीआरटीवर किरण फक्त कमी रेघा काढतो आणि चित्र आपल्या परीने नेटकेच राहते. मर्यादा असते ती एका सेकंदात किती आडव्या रेघा काढता येतील याची. माझ्या मॉनिटरची मर्यादा १२१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ लाख २१ हजार रेघा. १६०० बाय १२०० च्या चित्राला, किरण तळापासून परत वर नेण्याचा वेळ धरून, सुमारे १२५० रेघांचा खर्च येतो, म्हणून ते ९५ हर्ट्झपर्यंत जाते. १२८० बाय ९६० ला सुमारे १००० रेघा लागतात, म्हणून ते १२० हर्ट्झला चालते. आणि १०२४ बाय ७६८ हे १५० हर्ट्झला. थोडक्यात, बारकावा सोडून वेग घेता येतो आणि वेग सोडून बारकावा, आणि हा सौदा खेळागणिक बदलता येतो. कार्ड जुने असेल तर याच्यासारखी सोय नाही.

विलंबाबद्दल फार लिहिण्याची गरज उरलेली नाही. कार्डाकडून आलेला संकेत सीआरटी साठवून ठेवत नाही. येईल तसा तो किरणातून पडद्यावर उतरतो. पहिल्या काळातले कित्येक एलसीडी एखादी-दुसरी फ्रेम अडवून ठेवत आणि माउस हलवल्यावर निशाण मागून येत असल्याचे जाणवे. खेळांसाठी बनवलेले आजचे एलसीडी संकेत ओळीओळीने तसाच पुढे पाठवतात आणि हा फरक बहुतेकांच्या हाताला कळणार नाही इतका उरला आहे. विषयांतर होईल, पण जत्रेत मिळणाऱ्या व्हिडिओ गेमच्या बंदुकीने बदके मारलेल्यांना सांगायला हवे की ती बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही याचे कारणही इथेच आहे: खटका दाबताच पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, बंदुकीतला प्रकाशग्राहक त्याच क्षणी तो चौकोन शोधतो, आणि एलसीडीचा प्रकाश त्या वेळेत त्या रूपात येतच नाही.

उजेडाच्या बाबतीत निकाल खोलीवर अवलंबून असतो. रात्री दिवे बंद केले तर सीआरटीचा काळा रंग खरोखर काळा दिसतो. आयपीएस एलसीडीवर त्याच दृश्यात कोपऱ्यांतून राखाडी झाक डोकावत राहते. मात्र याच सीआरटीवर काळ्या दृश्याच्या मध्यभागी मोठा पांढरा भाग आला की जाड काचेच्या आत प्रकाश पसरतो आणि आजूबाजूचा काळा रंग पातळ होतो. जुन्या मॉनिटरचे कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत. दिवसा तर प्रश्नच मिटतो. चुन्याने रंगवलेल्या भिंती, उघडे दार आणि बाहेर वैशाखाचे ऊन असताना सीआरटीचा दर चौरस मीटरला सुमारे १०० कँडेलांचा उजेड पुरत नाही, आणि साधा एलसीडीही त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड देतो.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर विदर्भातल्या घरात या दोन यंत्रांचे कसे निभते ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इंटरनेटवरच्या तुलना वातानुकूलित खोल्यांत बसून केलेल्या असतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक मॉनिटरांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असे लिहिलेले असते, म्हणजे दुपारी दोनदा विचार करूनच बटण दाबावे, मग मॉनिटर कोणताही असो. फरक असा की २१ इंची सीआरटी १३० वॉटच्या आसपास वीज घेतो आणि तिची बहुतेक उष्णता त्याच खोलीत सोडतो, तर २४ इंची एलसीडीचे २५-३० वॉटमध्ये भागते. रोज चार तास खेळले तर महिन्याला सीआरटीचे सुमारे १५-१६ युनिट होतात आणि एलसीडीचे तीन-साडेतीन. बिलापेक्षाही वीज गेल्यावर हा फरक जास्त बोचतो, कारण इन्व्हर्टरच्या बॅटरीवर संगणक किती वेळ तगेल हे त्यावर ठरते. त्यात आणखी एक मेख आहे. सीआरटी सुरू करताना जाळीवरचे चुंबकत्व घालवण्यासाठी एक वेटोळे क्षणभर मोठा प्रवाह ओढते. तो परिचित घुमणारा आवाज त्याचाच. लहान यूपीएसवर सीआरटी लावलेला असेल तर नेमक्या त्या क्षणी यूपीएस ओरडतो किंवा बंद पडतो.

कुलरची गोष्ट मात्र फक्त सीआरटीची आहे आणि ती मला फार उद्बोधक वाटते. एप्रिल ते जून इथे कुलरशिवाय घरात बसवत नाही, आणि कुलरच्या मोटारीभोवती विजेच्या ५० हर्ट्झने उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र असते. सीआरटीचा किरण चुंबकानेच वळवलेला असल्यामुळे जवळचा कुलर त्यालाही किंचित वळवतो. मॉनिटर ६० हर्ट्झला असेल तर प्रत्येक फ्रेमला हे वळण वेगळ्या जागी येते आणि सारे चित्र सेकंदाला दहा वेळा थरथरते. ७५ किंवा ८५ हर्ट्झला थरथर बारीक होते, पण डोळ्यांवर ताण येतोच. उपाय दोन. कुलर खिडकीबाहेर काढून मॉनिटरपासून जितका दूर नेता येईल तितका न्यावा, कारण अंतर वाढले की हे क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होते. आणि मॉनिटर बरोबर १०० हर्ट्झला लावावा. १०० ही ५० ची दुप्पट असल्यामुळे वळण एक फ्रेम सोडून त्याच जागी पडते, लागोपाठच्या दोन फ्रेम उलट दिशांना किंचित सरकतात, पण हे सेकंदाला ५० वेळा होत असल्यामुळे थरथर म्हणून जाणवत नाही, कडा किंचित जाड दिसतात एवढेच, आणि विजेची वारंवारता थोडी वर-खाली झाल्यास हा जाडपणा फार हळू सरकतो, जो खेळताना लक्षातही येत नाही. युरोपातही वीज ५० हर्ट्झचीच असल्यामुळे तिथेही हा उपाय लागू पडेल, पण तिथल्या लोकांना शेजारी कुलर ठेवून खेळण्याची वेळ येत नसावी. कुलरची दमट हवा थेट मॉनिटरच्या पाठीवर येऊ देऊ नये हेही सांगतो. २५ हजार व्होल्टच्या वायरीवर धूळ आणि ओल एकत्र बसली की आतून तडतड ऐकू येते. ती ऐकू आली तर मॉनिटर बंद करून कोरडा होऊ द्यावा आणि पाठ उघडण्याचा मोह टाळावा, कारण वायर काढल्यानंतरही नळीत धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. गावात टीव्हीची कामे करणारे जुने मेकॅनिक अजून आहेत, त्यांनाच बोलवावे.

मेकॅनिक आहेत, पण सुटे भाग नाहीत. ईएचटी, म्हणजे नळीला उच्च दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळाला तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मेलेल्या मॉनिटरमधून काढावा लागतो, आणि नळीची बंदूक वर्षागणिक थकत जाते, तिच्यावर उपाय नाही. त्याहून मोठी अडचण संगणकाच्या बाजूची आहे. सीआरटीला अॅनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी सलग चढ-उतार होणारा, संकेत लागतो. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून आपल्या वरच्या कार्डांतून तो काढून टाकला आणि एनव्हिडियाने २०१६ च्या १० मालिकेपासून. २०१५ चे जीटीएक्स ९८० टीआय हे तो संकेत देणारे शेवटचे बलवान कार्ड. माझ्या ९०० मालिकेच्या कार्डाची किंमत मला वाटते ती यामुळेच. नव्या कार्डाला कनव्हर्टर लावून काम चालते, पण दुकानात मिळणारे स्वस्त कनव्हर्टर बहुधा १९२० बाय १०८० ला ६० हर्ट्झ एवढ्याशाच ताकदीचे असतात. १६०० बाय १२०० ला ९५ हर्ट्झ त्यांना झेपत नाही, आणि ६० हर्ट्झला खेळायचे असेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी? निकामी सीआरटी भंगारवाल्याला देतानाही विचार करावा. नळीच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे मिसळलेले असते, आणि तांब्यासाठी मान तोडून घेतल्यावर उरलेली काच पुष्कळदा नाल्याकाठी फेकली जाते. अधिकृत ई-कचरा संकलनापर्यंत ती पोहोचवणे खेड्यातून सोपे नाही, पण शहराकडे जाणारी एखादी गाडी सापडतेच.

मग मुलांना मी काय सांगतो? एकच मॉनिटर घ्यायचा असेल, अभ्यास आणि खेळ दोन्ही त्यावरच व्हायचे असतील आणि कार्ड मध्यम असेल, तर १४४ हर्ट्झचा, फ्रीसिंक असलेला आयपीएस एलसीडी घ्यावा. ६० हर्ट्झचा मोठा पडदा त्याच किमतीत मिळत असला तरी घेऊ नये. गोळीबाराचे स्पर्धात्मक खेळच खेळायचे असतील आणि कार्ड स्थिर १२० फ्रेम देत असेल, तर दिवा चमकवण्याची सोय असलेलाच एलसीडी शोधावा आणि ती सोय कोणत्या हर्ट्झला चालते हे विकत घेण्याआधी पाहावे. सीआरटी घ्यावा तो जुन्या, हलक्या खेळांच्या वेड्याने, ज्याच्याकडे रात्रीचा अंधार, मजबूत टेबल आणि अॅनालॉग कार्ड ही तिन्ही आहेत. मी स्वतः ‘क्वेक ३’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ अजून सीआरटीवरच खेळतो, आणि मे महिन्यात त्यावर कापड टाकून ठेवतो.

असा सीआरटी कुठे भंगारात दिसलाच तर जागेवरच तो अर्धा तास चालू ठेवायला लावावा, कारण थंड नळीवरून काहीच ठरवता येत नाही. मग पांढऱ्या पडद्यावर चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरे वाचून पाहावीत, काळ्या पडद्यावर उजेड पूर्ण वाढवून हिरवट धुके किंवा तिरप्या रेघा दिसतात का ते पाहावे, काचेवरच्या चमकविरोधी थरावर ओरखडे आहेत का हे बोटाने न घासता तिरप्या प्रकाशात तपासावे, आणि मॉडेलच्या क्रमांकावरून आडव्या वारंवारतेची कमाल मर्यादा शोधावी. ती ९५ किलोहर्ट्झच्या खाली निघाली तर ३० किलोचे ते धूड एसटीत चढवण्याचे कष्ट घेऊ नयेत.